म्हाळातली गाडी

"मॅडम, एक विचारू का? तुम्ही म्हाळ पाळता का हो?"

फोनवर मुल्लाणी होते, सांगलीच्या गाड्यांच्या शोरूममधले. मी विट्याला पंचायत समितीत कारकून होते. दुपारची सुट्टी झाली होती आणि मी नुकताच डबा उघडला होता. पितृपक्षाची तृतीया होती. आमच्याकडे पितृपक्षाला म्हाळ म्हणतात, आणि त्या पंधरवड्यात कोणी नवी सुईसुद्धा विकत घेत नाही.

"पाळतो म्हणजे काय, पाळतोच की," मी म्हणाले. "का?"

"मग राहू द्या."

"अहो, अर्धवट बोलून राहू द्या काय! आता घास उतरणार आहे का मला?"

मुल्लाणी हसले. मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "गाडी आलीय. तुमचंच मॉडेल, पांढरी. मिरजेच्या एका डॉक्टरांची होती. ते म्हणाले, घटस्थापनेच्या आधी तिचं तोंडसुद्धा बघणार नाही. यादीत त्यांच्या खालच्याला फोन केला, तो म्हणाला, बिलावरसुद्धा म्हाळातली तारीख नको. कालपासून एकवीस जणांना विचारून झालं. तुमचा नंबर बाविसावा."

"मग ठेवा की त्या डॉक्टरांसाठी बारा-तेरा दिवस."

"ठेवता आली असती तर तुम्हाला फोन कशाला केला असता? आलेली गाडी आठवड्याच्या आत कोणाच्या तरी नावावर चढवायची, असा वरून हुकूम आहे. तुम्ही नाही म्हणालात की तेविसावा. आणि नंबर गेला की पुन्हा आठ महिने. चिपाच नाहीत हो मॅडम, कंपनी तरी काय करणार?"

"आईला विचारून सांगते."

"संध्याकाळपर्यंत सांगा. आणि एक सांगू? अण्णांची गाडी आहे म्हणून म्हणतो. घ्या."

अण्णा म्हणजे माझे वडील, रंगराव सुतार. विट्यात 'प्रगती सायकल मार्ट' त्यांचं. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या सायकली विकल्या, भाड्यानं दिल्या, दुरुस्त केल्या. दुरुस्त केलेली सायकल दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे. पुढं त्यांनी एक जुनी स्कूटर घेतली. पण सायकल असो की स्कूटर, आईची जागा मागं. आयुष्यभर तिनं नवऱ्याची मान आणि कॉलर बघितली.

मागं बसून ती बोलायची आणि वारं ते बोलणं घेऊन जायचं. एकदा भिवघाटाकडं एका लग्नाला निघाले होते. वाटेत आईच्या पायातली चप्पल निसटली. ती ओरडली, "अवो, चप्पल पडली!" अण्णांना ऐकू गेलं, थंडी पडली. ते म्हणाले, "व्हय, यंदा जरा जास्तच हाय," आणि तसेच पुढं. आई लग्नात एका पायात चप्पल घालून कशी जाणार? दुसरी मांडवाबाहेर काढून ती अनवाणीच आत गेली. ही गोष्ट आमच्या घरी पन्नास वेळा सांगून झाली असेल. अण्णा दर वेळी हसायचे आणि आई दर वेळी नव्यानं चिडायची.

अडुसष्टाव्या वर्षी अण्णांनी चारचाकी शिकायचं मनावर घेतलं. एकट्याला लाज वाटते म्हणून मलाही मोटार ट्रेनिंगच्या क्लासला घातलं. मी तेव्हा चाळिशीची. वळण आलं की अण्णा सवयीनं खिडकीतून हात बाहेर काढायचे. शिकवणारे मास्तर कपाळाला हात लावून म्हणायचे, "काका, सिग्नल आहे, सिग्नल!" आणि माझ्यावर खेकसायचे, "मॅडम, आरसा! आरशात बघा!" आम्हा दोघांना एकाच दिवशी लायसन मिळालं. घरी येऊन अण्णांनी आईला सांगितलं, "हौसा, आता मागं न्हाई बसायचं. आता शेजारी. काय सांगायचं हाय ते निवांत सांग."

आई म्हणाली, "लई सांगायचं हाय."

"मग सांग की."

"आता न्हाई. गाडी यिऊ दे. गाडीत सांगीन."

हे मग रोजचंच झालं. अण्णांनी गाडीचं बुकिंग केलं आणि नेमका तुटवडा सुरू झाला. गाडीत म्हणे एक चिप असते, ती परदेशातून येते आणि येत नाही. अण्णांना हे पटायचंच नाही. "सायकलच्या बेरिंगमधला एखादा छर्रा कमी पडला तरी सायकल चालती, आणि एवढ्याशा चकतीवाचून मोटार अडती?" दर रविवारी ते मुल्लाणींना फोन करायचे. आधी गाडीबद्दल, मग पावसाबद्दल, मग मुल्लाणींच्या आईच्या गुडघ्यांबद्दल. फोन ठेवला की आईला म्हणायचे, "काय सांगणार हायेस, त्येचा थोडा नमुना तरी दे." ती पदर तोंडाला लावून हसायची. "गाडी आली की."

मे महिन्यात अण्णा गेले. कोरोनाच्या त्या दिवसांत पुष्कळ माणसं गेली, तसे अकरा दिवसांत गेले. दवाखान्यात आत सोडत नव्हते. आई फाटकाबाहेर चिंचेच्या झाडाखाली अकरा दिवस बसून होती.

ऑगस्टमध्ये गाडी आली. मुल्लाणींनी फोन केला तेव्हा त्यांना सांगताना मीच रडले, मग तेही. आईनं मात्र स्वच्छ सांगितलं, "वरीस व्हायच्या आत नवी वस्तू घरात यायची न्हाई." शनिवारी तेल न आणणारी, अमावस्येला केस न धुणारी माझी आई. तिच्यापुढं कोण बोलणार? गाडी दुसऱ्याकडं गेली. पुढच्या मे महिन्यात, वर्षश्राद्ध झाल्यावर चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "नंदे, सांगलीला जाऊ. माझ्या नावानं बुक कर." मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, "तुला येती न्हवं चालवायला?" पुढं काही नाही.

त्यामुळं मुल्लाणींचा निरोप सांगायला मी संध्याकाळी गेले, तेव्हा उत्तर मला ठाऊक होतं. म्हाळातली गाडी ती दारात उभी करणार नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. गाडी चालवणार मी, आणि अपशकुन झालाच तर हातपाय मोडणार माझे.

आई सोप्यात गवार मोडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"रंग कुठला म्हणालीस?"

"पांढरा. अण्णांनी तांबडा सांगितला होता."

"आसू दे पांढरा. रंगाचं काय न्हाई त्यांना." मग तिनं विचारलं, "दशमीच्या आत यील का?"

"आई, म्हाळ आहे. कळतंय ना तुला?"

"मला इच्यारू नको, त्येला इच्यार. दशमीच्या आत घरात यील का?"

दशमी ही अण्णांची तिथी. वर्षश्राद्धानंतरचा त्यांचा हा पहिलाच म्हाळ होता. मला वाटलं, बाईला एकदा गाडी हातची गेल्याचा धसका बसलाय. आठ महिन्यांचं नाव काढल्यावर हिचं सोवळं सैल झालं. माणूस अडला की शास्त्र वाकवतो, असं मनाशी म्हणून मी मुल्लाणींना होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तात्या आले. तात्या अण्णांचे धाकटे भाऊ. आमच्या भावकीत कोणाच्या घरी काय शिजतं, हे त्यांना फोडणीच्या आधी कळतं.

"वैनी, डोकं ठिकाणावर हाय का? म्हाळात कोण कुत्र्याला पट्टा आणत न्हाई, आन् तुमी मोटार आणताय?"

"नंबर लागलाय, भावजी."

"नंबर लागू दे न्हाईतर लॉटरी लागू दे. धा-बारा दिवस थांबता येत न्हाई? लोकं तोंडात शेण घालतील."

"घालू देत. तोंड माझं हाय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाला गेले. आत काकू, म्हणजे तात्यांची बायको, कपबशा पुसत उभ्या होत्या. त्या कानाशी लागल्या, "वैनींच्या अंगात आलंय बघ." मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. आईनं आयुष्यात लोकांना भिणं सोडलं नव्हतं. पापड वाळत घालतानासुद्धा शेजारीण काय म्हणेल, हे ती आधी बघायची. आज तिला कुणाची पर्वा नव्हती, आणि ते का, हे ती सांगत नव्हती.

शेवटी तात्या उठता उठता म्हणाले, "आणायला मी बी येणार. बायकाबायकांनी म्हाळाची गाडी आणायची म्हणजे कायतरीच." त्यांचा विरोध आणि त्यांची माया नेहमी एकाच पिशवीतून यायची.

बिल झालं. पासिंग झालं. सप्तमीला गाडी मिळणार होती, तर मुल्लाणींचा फोन, अष्टमीला या. अष्टमीला म्हणाले, नंबरच्या पाट्या यायच्यात, नवमीला नक्की. आई रोज संध्याकाळी दारात उभी. मी रिक्षातून उतरायच्या आत तिचा प्रश्न. नवमीला संध्याकाळी मी म्हणाले, "पाट्या अजून आल्या नाहीत. उद्या सकाळी, नाहीतर परवा."

ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, नाकाला पदर लावून. अण्णा गेले तेव्हाही ती अशीच रडली होती, आणि त्यानंतर मी तिला रडताना बघितलं नव्हतं. गाडीसाठी एवढं? मला रागच आला.

"आई, एक दिवस इकडंतिकडं झाला तर काय बिघडतं?"

"एकच तर दिस हाय," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मी तिथूनच मुल्लाणींना फोन लावला आणि जरा जोरातच बोलले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मला तुमच्या सगळ्या तिथ्या पाठ असतात. आमचा धंदाच त्याच्यावर चालतो. उद्या दशमी, अण्णांची, हो ना? पाट्या रात्री मी स्वतः जाऊन आणतो. तुम्ही साडेआठला या, बाराच्या आत घरी असाल."

दशमीला पहाटे आईनं खिरीसाठी गहू शिजत घातले आणि बाकीचा स्वयंपाक काकूंवर सोपवला. वडे किती, कढीत आलं किती, पान कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं, हे तिनं तीनदा सांगितलं. शेवटी काकू म्हणाल्या, "वैनी, माझ्या बी सासरचाच म्हाळ हाय, जावा आता." आम्ही तिघं सहाच्या एस.टी.नं निघालो. आईनं अण्णांनी घेतलेलं मोरपंखी लुगडं नेसलं होतं. तात्या वाटभर तोंड फुगवून बसले होते. तासगावला त्यांनी तिघांसाठी शेंगा घेतल्या, पण बोलले नाहीत.

शोरूम ओस पडलं होतं. एरवी मी गेले तेव्हा तिथं हार, पेढे, फोटो, लाल कापडाखाली झाकलेल्या गाड्या, अशी लग्नघराची गडबड असायची. त्या दिवशी फरशी पुसणारी बाई आणि मुल्लाणी, एवढेच होते. फोटोसाठी हातात देतात ती पुठ्ठ्याची मोठी किल्ली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती.

मुल्लाणी पन्नाशीचे, बुटके, चष्मा कपाळावर चढवलेले. ते पायऱ्या उतरून पुढं आले. "मावशी, हार आणला नाही. म्हटलं, तुमच्यात आज चालतो की नाही."

"नगं, हार नगं," आई म्हणाली. "गाडी कुठाय?"

गाडी बाजूच्या आवारात उभी होती. स्वच्छ, पांढरी, आमच्या मानानं फारच मोठी. आई चार हात अलीकडंच थांबली. मुल्लाणींनी घसा खाकरला.

"मावशी, काल रात्री मी विचार केला. गाडी आता तुमच्या नावावर चढली. बिल झालं, पाट्या लागल्या. माझ्या मागचं काम संपलं. आता हिला कोणी हात लावू शकत नाही. तर तुम्ही असं करा, आज नुसती बघून जा. सहा दिवसांनी घटस्थापना. त्या दिवशी हार घालू, नारळ फोडू, ती मोठी किल्ली घेऊन फोटो काढू. तोवर गाडी माझ्याकडं. पोटच्या पोरासारखी सांभाळतो."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. सकाळपासूनचं पहिलं वाक्य बोलले. "बघा! ह्या माणसाला अक्कल हाय. साप बी मेला आन् काठी बी मोडली न्हाई."

मलाही हायसं वाटलं. नंबर गेला नाही, शास्त्र राहिलं, लोकांची तोंडं बंद, आणि मला सरावाला सहा दिवस. यापेक्षा चांगला तोडगा कोणी सुचवला नसता. मी म्हणाले, "आई, खरंच, तसंच करू."

आई गाडीजवळ गेली. खाली वाकली आणि पुढचं चाक तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं. मग मागचं. मग पलीकडं जाऊन तिकडची दोन्ही. दुकानातल्या वस्तूंना तिनं कधी हात लावला नव्हता, अण्णांनी लावू दिला नव्हता. ऑईलचे डाग पडतात म्हणायचे. चारही चाकं झाल्यावर ती सरळ झाली आणि तात्यांकडं वळली.

"भावजी, म्हाळाला आपली माणसं घरी येत्यात म्हणत्यात. खरं का?"

"खरं की. म्हणून तर पान ठेवायचं."

"आज दशमी. आज त्ये येणार. जेवणार. मग?"

"मग काय, अमुशाला समदी माघारी जात्यात."

"मग घटस्थापनेला गाडी घरी नेऊन दावू कुणाला?"

मुल्लाणींनी चष्मा कपाळावरून काढला आणि ते तो पुसायला लागले.

"समदी म्हणत्यात, पितर आल्यात, आता नवं काय आणू नगा," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला ह्ये कधी कळलंच न्हाई. पन्नास वर्सं पाळलं, पर कळलं न्हाई. बाहीरगावचं माणूस वर्सानं घरी आलं, तर नवी वस्तू आपण आधी त्येला दावतो का लपवून ठेवतो? त्यांनी दीस मोजलं ह्या गाडीचं. उद्या त्ये गेल्यावर मी हिला हार घालू, पेढं वाटू. कुणासाठी?"

एकच तर दिस हाय. काल पायरीवर बसून ती काय म्हणत होती, ते मला तेव्हा कळलं. मी तिच्यावर चिडले होते. मला माझी इतकी लाज वाटली, की मी तिच्या जवळसुद्धा गेले नाही.

मुल्लाणींनी खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी आईच्या ओंजळीत ठेवली. "मावशी, एकच आहे. चिपेमुळं दुसरी किल्ली मागाहून येणार. आली की मी स्वतः आणून देतो."

"एक बास हाय आज," आई म्हणाली.

मी चालवायला बसले. तात्यांनी पुढचं दार आईसाठी उघडून धरलं आणि म्हणाले, "बसा वैनी, पुढं बसा. गाडी तुमची."

"तुमी बसा पुढं."

"आई, बस की गं," मी म्हणाले. "जन्मभर मागंच बसलीस."

"आज मागंच. मागं शेजारी बसता येतं."

तिनं मागचं डावीकडचं दार उघडलं. ते तसंच उघडं ठेवून ती जरा उभी राहिली, बाजूला सरून, पाहुण्याला वाट दिल्यासारखी. मग गाडीच्या मागून वळसा घालून उजवीकडच्या दारानं आत आली आणि माझ्या पाठीमागं बसली. डावीकडचं दार उघडंच होतं. मी काही म्हणणार, तेवढ्यात मला तात्या दिसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली होती. ते त्या दाराशी थोडा वेळ थांबले, आणि मग त्यांनी ते हळूच लावलं.

गाडी रस्त्याला लागली. मी तीसच्या वर जात नव्हते. मागून मोटारसायकली भुंकत पुढं जात होत्या. तात्या समोर बघत होते, एका हातानं दाराची कडी घट्ट धरून. माधवनगर गेलं. मागं कुजबूज सुरू झाली.

मी सवयीनं आरशात बघितलं. मास्तरांनी शिकवलं होतं ना, आरसा, आरसा. आईनं तिथंच मला पकडलं.

"नंदे, त्यो आरसा जरा वर कर."

"आई, मागचं दिसायला पाहिजे."

"बाहीर दोन हायेत न्हवं? त्यात बघ. ह्यो वर कर. आन् त्या काचा खाली घे. त्यांना वारं लागतं."

मी आरसा वर वळवला. त्यात गाडीचं छत दिसायला लागलं. काचा खाली गेल्या आणि वारं आत घुसलं. आई बोलत होती. मधूनच थांबत होती, पुन्हा बोलत होती. एकदा हसलीसुद्धा. अण्णांना गाडीत सांगीन म्हणाली होती, ते सगळं ती सांगत होती, आणि वाऱ्यात मला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. कवठेएकंद गेलं, तासगाव गेलं. द्राक्षांच्या बागांच्या कडेनं मी गाडी नेत होते आणि डोळे भरून येत होते. स्टेअरिंगवरून हात काढायची भीती वाटायची, म्हणून तात्याच मधूनमधून आपला रुमाल माझ्या गालाला लावत होते. त्यांचं स्वतःचं नाक वाहत होतं, ते तसंच.

विट्यात शिरल्यावर आई मोठ्यानं बोलली, "दुकानावरनं घे." मी सायकल मार्टच्या बंद फळ्यांसमोर गाडी उभी केली. मिनिटभर. मग ती म्हणाली, "चल आता. पान थंड हुईल."

बाराला दहा कमी असताना आम्ही दारात होतो. पानाला कावळा लगेच शिवला की नाही, मला आठवत नाही. काकू म्हणतात शिवला. लोकांनी तोंडात शेण घातलं की नाही, तेही आठवत नाही. पण दुसऱ्या दिवशी तात्या चौकात सांगत होते म्हणे, "म्हाळात मोटार आणायला काळीज लागतं."

संध्याकाळी भांडी आवरून झाल्यावर मी आईजवळ बसले. राहवेना म्हणून विचारलं, "काय सांगितलंस गं वाटेत?"

तिनं पदराला ओले हात पुसले. मग म्हणाली, "थंडी न्हाई, चप्पल पडली हुती, म्हणून सांगितलं."

"तेवढंच?"

"आणिक बी हुतं." एवढं बोलून ती उठली आणि गाडीवर जुनी चादर पांघरायला गेली.

दुसरी किल्ली संक्रांतीला आली. मुल्लाणी तिळगूळ घेऊन स्वतः आले होते. आईनं ती किल्ली, अण्णा दुकानाच्या किल्ल्या अडकवायचे, त्या खिळ्याला लावली. गाडी आल्यापासून एरवी वर्षभर आई माझ्या शेजारी बसायची. बाजार, दवाखाना, लग्नं, सगळीकडं. पुढं बसून खूप बोलायची. हळू चालव, तो बघ कसा आडवा आला, शेंगा घे. म्हाळाचा पंधरवडा लागला की मात्र काही न सांगता मागं जाऊन बसायची, आणि मी काही न विचारता आरसा वर करायचे. अशा आमच्या तीन दशम्या झाल्या.

आई जाऊन आता दोन वर्षं होतील. ती मार्गशीर्षात गेली, माझा हात हातात असताना. घरातच होतो आम्ही, कोणी अडवलं नाही. शेजारची सीट आता मोकळी असते. त्यावर मी पर्स ठेवते, भाजीची पिशवी ठेवते. वळताना कोणी हळू म्हणत नाही, त्याची अजून सवय झालेली नाही.

काल दशमी होती. मी रजा टाकली. पान ठेवून झाल्यावर गाडी बाहेर काढली, मागचं डावीकडचं दार उघडलं, मग उजवीकडचं, आणि थोडं थांबून दोन्ही लावली. आरसा वर केला, काचा खाली घेतल्या आणि तासगावपर्यंत जाऊन आले.